भुईकाट्याच्या प्रोग्रॅममधला टायमर: आकडा अडकतो, शिळा दिसतो, नोंद दोनदा पडते

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या भुईकाट्यांवर एकच तक्रार फिरून फिरून येते. मार्केट यार्डातल्या आणि कुपवाड एमआयडीसीतल्या वजनकाट्यांवर तर ती वर्षभर असते. सकाळी प्रोग्रॅम नीट चालतो. दुपारनंतर स्क्रीनवरचं वजन अडखळायला लागतं, ट्रॉली उतरून गेली तरी आधीचाच आकडा दिसतो, एकाच गाडीची नोंद दोनदा पडते, आणि कधी खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येऊन सगळं गोठतं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला की ठीक होतं. बंद केल्याने साचलेलं सगळं रिकामं होतं इतकंच. मूळ कारण जागेवर राहतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तेच दुखणं परत येतं.

असले प्रोग्रॅम बहुतेक व्हीबी-६, व्हीबी डॉट नेट किंवा सी शार्प या भाषांत केलेले असतात. इंडिकेटरमधून (काट्याचं वजन दाखवणाऱ्या पेटीतून) सीरियल वायरने वजन येतं आणि फॉर्मवरचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडकीवरचा, टायमर दर अर्ध्या सेकंदाला ते वाचून लेबलवर टाकतो. बिघाड जवळजवळ नेहमी याच जोडणीत असतो. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दर मिनिटाला तापमान नोंदवणाऱ्या किंवा दूध संकलनाच्या प्रोग्रॅमलाही पुढचं सगळं लागू पडतं.

टायमर नेमकं काय करतो

फॉर्मवर टाकलेला टायमर ठरलेल्या क्षणी तुमचं काम थांबवून स्वतःचं काम करून घेत नाही. विंडोज फक्त ‘वेळ झाली’ असा निरोप तुमच्या फॉर्मच्या मेसेज रांगेत देतं, आणि तोही सर्वांत खालच्या प्राधान्याचा. माऊस, कीबोर्ड वगैरेंचे निरोप संपले की मग त्याची पाळी. काट्यासमोरच्या रांगेत ‘बाकीच्या सगळ्या गाड्या झाल्या की तू ये’ असं ज्या ट्रॉलीला सांगितलंय, तशी त्याची अवस्था. शिवाय मागचा निरोप पोचायचा असताना पुढच्या दहा वेळा होऊन गेल्या, तरी दहा निरोप साचत नाहीत, एकच राहतो. टायमरच्या अशा एका वाजण्याला टिक म्हणतात; हुकलेल्या टिक कायमच्या हुकतात.

यातून दोन नियम निघतात. टिकच्या आत वाट पाहायला लावणारं काहीही ठेवायचं नाही. आणि टिक मोजून वेळ काढायची नाही.

आधी मोजा, मग कोडला हात लावा

अंदाजाने इंटरव्हल (दोन टिकमधला ठरवलेला वेळ) कमी-जास्त करत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. टिक हँडलरच्या (टिक आली की चालणाऱ्या कोडच्या) पहिल्या ओळीत स्टॉपवॉचची (डॉट नेटमधल्या कालावधी मोजायच्या साधनाची) वेळ घ्या, शेवटच्या ओळीत पुन्हा घ्या. दोन आकडे हवेत: मागच्या टिकपासून या टिकपर्यंत गेलेला वेळ, आणि हँडलरच्या आत गेलेला वेळ. अंतर इंटरव्हलच्या दुपटीपेक्षा जास्त असेल किंवा आतला वेळ ५० मिलीसेकंदांच्या वर असेल, तेव्हाच एक ओळ फाईलमध्ये लिहा. प्रत्येक टिकला लिहिलंत तर लॉगच अडथळा होऊन बसेल. सोबत थ्रेडचा (प्रोग्रॅममधल्या कामाच्या स्वतंत्र धाग्याचा) क्रमांकही लिहा, तो पुढे कामी येतो.

एक पूर्ण दिवस हा लॉग घ्या. आतला वेळ मोठा असेल तर दोष हँडलरमध्ये आहे. आतला वेळ छोटा पण अंतर मोठं असेल, तर रांग दुसऱ्याच कुणीतरी अडवलीय: छपाई, डेटाबेसची क्वेरी, एखादं बटण. आणि अंतर इंटरव्हलपेक्षा बरंच कमी दिसत असेल, तर एकापेक्षा जास्त टायमर चालू आहेत किंवा हँडलर अनेकदा जोडला गेलाय. दिवस पुढे सरकेल तसं हे अंतर कमी होत गेलं तर शंकाच नको.

टिकच्या आत ‘रीडलाइन’

सगळ्यांत जास्त सापडणारा दोष हाच, आणि नुकसानही हाच सर्वांत जास्त करतो.

डॉट नेटच्या सीरियलपोर्टचा ‘रीडटाइमआउट’ तुम्ही भरला नाहीत तर तो अमर्याद असतो. ‘रीडलाइन’ पूर्ण ओळ येईपर्यंत थांबते. वायर सैल झाली, इंडिकेटर बंद पडला, उंदराने केबल कुरतडली, की ओळ येत नाही आणि तुमचा फॉर्म तिथेच उभा राहतो. खिडकीने साधारण ५ सेकंद निरोप उचलले नाहीत की विंडोज तिला ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ठरवतं. ऑपरेटर मग टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारतो आणि अर्धवट नोंद डेटाबेसमध्ये राहते.

वायर ठीक असली तरी दुसरा सापळा आहे, आणि तो दिसत नाही म्हणून जास्त वाईट. हिशोब करून पाहा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशा मांडणीत एका अक्षराला स्टार्ट बिट धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. इंडिकेटर १६ अक्षरांची ओळ सेकंदाला १० वेळा पाठवतोय असं धरा, म्हणजे सेकंदाला १६० अक्षरं. वायरला हे काहीच नाही. पण तुमचा टायमर अर्ध्या सेकंदाला एकच ओळ उचलतो, म्हणजे सेकंदाला २. उरलेल्या ८ ओळी दर सेकंदाला बफरमध्ये (वाचायची राहिलेली अक्षरं थांबतात त्या जागेत) साचत जातात. नेहमीच्या ४०९६ बाइटच्या बफरमध्ये अशा २५६ ओळी मावतात आणि तो साधारण ३२ सेकंदांत भरतो. भरल्यावर आत आलेली ओळ तुमच्या वाचण्यात १२८ सेकंदांनी येते. स्क्रीनवरचा आकडा दोन मिनिटं शिळा! बफर ओसंडला की मधली अक्षरं गळतात, दोन ओळींचे तुकडे जुळून भलताच आकडाही तयार होऊ शकतो.

काट्यावर दोन मिनिटांत गाडी बदलते. एकाच्या ट्रॉलीचं वजन दुसऱ्याच्या पावतीवर गेलं तर तो शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे, स्क्रीनच्या दिसण्याचा नाही. हे दुरुस्त केल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नये.

दुरुस्ती अशी. पोर्ट वाचायचं काम टायमरकडून काढून घ्या आणि ‘डेटारिसीव्ह्ड’ इव्हेंटला किंवा वेगळ्या वाचक थ्रेडला द्या. तिथे आलेली सगळी अक्षरं एका साठ्यात जोडत जा, साठ्यातली शेवटची पूर्ण ओळ घ्या, तिच्या आधीचं टाकून द्या, शेवटचा अपुरा तुकडा पुढच्या वेळेसाठी ठेवा. सुरुवातीची आणि शेवटची खूण इंडिकेटरच्या माहितीपत्रकात दिलेली असते, ती दोन्ही तपासा. मग वजन आणि ते आल्याची वेळ अशी जोडी एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, लॉक लावून. टायमरने फक्त ही जोडी उचलून लेबलवर टाकायची. हे काम एका मिलीसेकंदाच्या आत होतं.

आणि टायमरला वय तपासायला लावा: जोडी २ सेकंदांपेक्षा जुनी असेल तर लेबलवर आकड्याऐवजी रेघा दाखवा आणि पावतीचं बटण बंद करा. या एका अटीमुळे शिळं वजन पावतीवर जायची वाट बंद होते. जुन्या प्रोग्रॅममध्ये एवढीच भर घालता आली तरी घाला.

बॉड २४०० असेल तर १६ अक्षरांच्या एका ओळीलाच साधारण ६७ मिलीसेकंद लागतात. तिथे ५० मिलीसेकंदांचा टायमर लावून काही मिळत नाही. डोळ्याला २०० ते २५० मिलीसेकंद भरपूर झाले.

दिवस चढेल तसा मंदावणारा प्रोग्रॅम

‘सकाळी ठीक, संध्याकाळी जड’ या तक्रारीमागे दोन गोष्टी वारंवार निघतात.

पहिली: टिक इव्हेंटला हँडलर जोडणारी ओळ फॉर्म लोडमध्ये एकदाच असायला हवी, ती बटणाच्या क्लिकमध्ये असते. ‘नवीन गाडी’ बटण ४० वेळा दाबलं की एका टिकला हँडलर ४० वेळा चालतो. नोंद दोनदा, तीनदा पडण्याचं हेही एक कारण.

दुसरी गोष्ट लवकर ध्यानात येत नाही. ‘शोडायलॉग’ने उघडलेला फॉर्म बंद केला तरी डिस्पोज होत नाही (मोकळा केला जात नाही), फक्त लपतो. त्यावरचा टायमर चालू असेल तर तो तसाच टिकटिकत राहतो आणि फॉर्मलाही मेमरीत धरून ठेवतो. प्रत्येक गाडीला नवा फॉर्म उघडत असाल तर संध्याकाळपर्यंत दीड-दोनशे टायमर एकाच रांगेत निरोप टाकत असतात. सी शार्पमध्ये असा फॉर्म ‘यूझिंग’च्या कंसात उघडा, आणि फॉर्मक्लोज्डमध्ये टायमर थांबवून डिस्पोज करा. डिझायनरमधून न टाकता कोडने बनवलेला टायमर फॉर्म डिस्पोज झाल्यावरही आपोआप मरत नाही, त्याला हाताने मारावं लागतं.

मेसेजबॉक्सची चळत

टिकच्या आत ‘वायर तपासा’ असा मेसेजबॉक्स दाखवला की लोकांना वाटतं टायमर तिथे थांबेल. थांबत नाही. मेसेजबॉक्स उघडा असताना त्याची स्वतःची निरोप-फेरी चालू असते, तिच्यातून टिक येतच राहतात, आणि दर अर्ध्या सेकंदाला एक नवा बॉक्स उघडतो. ऑपरेटर जेवून परत येईपर्यंत स्क्रीन भरलेली. ‘डूइव्हेंट्स’ने हेच होतं, आणि टिक हँडलर ‘असिंक’ करून आत ‘अवेट’ लावलं तरी हेच: वाट पाहताना पुढची टिक आत शिरते. दुहेरी नोंदीचा मोठा वाटा याचाच.

उपाय: हँडलरच्या पहिल्याच ओळीला टायमर थांबवा, काम ‘ट्राय’मध्ये करा, ‘फायनली’मध्ये पुन्हा सुरू करा. ‘फायनली’ विसरलात तर एखादी चूक फेकली गेली की टायमर कायमचा बंद राहतो आणि आकडा गोठतो. बिघाडाची सूचना बॉक्समध्ये देऊच नये; फॉर्मच्या तळाशी लाल पट्टी दाखवावी. काट्यावरच्या माणसाच्या हातात चालकाची चिठ्ठी असते, त्याला दर वेळी ‘ओके’ दाबायला लावणं योग्य नाही.

दुहेरी नोंदीला डेटाबेसमध्येही अटकाव हवा. पावती क्रमांकावर युनिक इंडेक्स (एकच क्रमांक दोनदा न स्वीकारणारी अट) लावा. कोडमधली एखादी वाट चुकून उघडी राहिली तरी तिथे ती अडते.

टायमर बदलून नवा त्रास

फॉर्मचा टायमर अडखळतो म्हणून बरेच जण डॉट नेटचा ‘सिस्टम टायमर्स’मधला टायमर घेतात. तो फॉर्मच्या थ्रेडवर नाही, थ्रेड पूलमधल्या वेगळ्या थ्रेडवर चालतो, म्हणून फॉर्म अडकला तरी तो वाजतो. पण त्याचे स्वभाव वेगळे आहेत. हँडलरला इंटरव्हलपेक्षा जास्त वेळ लागला तर तोच हँडलर दुसऱ्या थ्रेडवर समांतर सुरू होतो. लॉगमध्ये थ्रेडचा क्रमांक घ्या म्हटलं ते यासाठी. शिवाय हँडलरमध्ये फेकली गेलेली चूक तो गिळून टाकतो: ना बॉक्स, ना लॉग. म्हणून आतलं सगळं काम स्वतःच्या ‘ट्राय-कॅच’मध्ये घालून चूक फाईलमध्ये लिहिणं इथे सक्तीचं समजा.

त्या थ्रेडवरून लेबलला हात लावायचा नाही. ‘क्रॉस-थ्रेड’ची चूक विंडोज फॉर्म्समध्ये मूळ मांडणीनुसार डीबगर (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) जोडलेला असतानाच फेकली जाते. तुमच्या मशीनवर ती दिसते (किंवा वरचा टायमर ती गिळतो आणि लेबल नुसतं बदलत नाही), पण काट्यावरच्या एक्झीमध्ये कुणी काही बोलत नाही, कधीतरी खिडकी अर्धवट रंगते किंवा गोठते. ‘बिगिनइन्व्होक’ वापरा. ‘इन्व्होक’ काम होईपर्यंत थांबतं; ते वापरलंत तर फॉर्म बंद करताना गाठ बसते: फॉर्म पोर्ट बंद व्हायची वाट पाहतो, पोर्टचा थ्रेड फॉर्मची, आणि दोघेही तिथेच. टायमर थांबवल्यावरही आधीच रांगेत लागलेली एखादी टिक येऊ शकते, तेव्हा ‘फॉर्म बंद होतोय’ अशी एक खूण ठेवून हँडलरच्या सुरुवातीला तपासा.

‘सिस्टम थ्रेडिंग’मधला टायमर लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवला तर गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा) तो उचलून नेतो. डीबग बिल्डमध्ये मेथड संपेपर्यंत व्हेरिएबल जिवंत धरलं जातं, रिलीजमध्ये तसं नाही. ‘माझ्याकडे चालतं, तिकडे थोड्या वेळाने थांबतं’ असं कळलं की आधी हे पाहा. टायमर क्लासच्या फील्डमध्ये ठेवा.

नुसतं लेबल ताजं ठेवायला मात्र फॉर्मचा साधा टायमरच पुरेसा आणि सुरक्षित आहे.

टिक मोजून वेळ काढल्यावर

विंडोजची आतली टिक साधारण १५.६२५ मिलीसेकंदांची, सेकंदाला ६४. फॉर्मच्या टायमरला १०० मिलीसेकंद सांगितले तर तो विंडोजच्या पुढच्या पूर्ण टिकवर जातो: अशा ७ टिक, म्हणजे १०९ मिलीसेकंदांच्या आसपास. टायमरच्या दहा टिक म्हणजे एक सेकंद असं धरून तास मोजलात तर तो ६५ मिनिटांच्या पुढे जातो. कोल्ड स्टोरेजच्या तापमानाच्या नोंदी संध्याकाळपर्यंत घसरतात त्या यामुळे. १० मिलीसेकंदांपेक्षा कमी इंटरव्हल तर विंडोज मान्यच करत नाही, १० धरतं.

पुढची नोंद कधी, ते स्टॉपवॉचने ठरवा. शेवटच्या नोंदीत ६० सेकंद मिळवायचे नाहीत. सुरुवातीपासूनची पूर्ण मिनिटं मोजा, म्हणजे उशीर साचत नाही. संगणकाच्या घड्याळावर, म्हणजे ‘नाऊ’वर, कालावधी मोजू नका: इंटरनेटवरून वेळ जुळवली की ते पुढे-मागे होतं, मदरबोर्डचा सेल संपला की तारीखच जुन्या सालात जाते. पावतीवर छापायला ‘नाऊ’, मधला काळ मोजायला स्टॉपवॉच.

व्हीबी-६ असेल तर दोन गोष्टी. टायमरचा इंटरव्हल ६५,५३५ च्या पुढे जात नाही, म्हणजे जेमतेम ६५ सेकंद. पाच मिनिटांसाठी आत वेळ तपासावी लागते. आणि ‘टायमर’ नावाचं फंक्शन मध्यरात्रीपासूनचे सेकंद देतं, रात्री बाराला ते शून्यावर येतं. ‘सुरुवात अधिक ५ होईपर्यंत थांब’ अशी फेरी ११ वाजून ५९ मिनिटं ५८ सेकंदांना सुरू झाली तर ती ८६,४०३ ची वाट पाहते. तो आकडा कधीच येत नाही, दिवस ८६,४०० सेकंदांचाच. हंगामात काटा रात्रभर चालतो, म्हणून ‘रात्री बाराला हँग होतं’ ही तक्रार कारखान्यावर येते, दिवसा चालणाऱ्या काट्यावर नाही. आताच्या सेकंदांतून सुरुवातीचे वजा करा, फरक ऋण आला तर त्यात ८६,४०० मिळवा.

विंडोज सुरू झाल्यापासूनचे मिलीसेकंद देणाऱ्या ‘गेटटिककाउंट’चा ३२ बिटांचा आकडा ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येतो, डॉट नेटचा ‘टिककाउंट’ चिन्हासह असल्याने २४.९ दिवसांनीच ऋण होतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर रोज ‘शट डाऊन’ केल्याने हा आकडा मागे जात नाही, ‘रिस्टार्ट’ने जातो. ६४ बिटांचं रूप वापरा.

लाईट गेली, मशीन झोपलं

संगणक स्लीपमध्ये असताना टायमर वाजत नाहीत आणि जागा झाल्यावर हुकलेल्या टिक भरून मिळत नाहीत. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर मात्र बऱ्याचदा नव्याने ओळखला जातो आणि उघडलेला पोर्ट निकामी होतो. टायमर चालू, पण वाचायला काही नाही. काट्याच्या मशीनवर पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप ‘नेव्हर’ ठेवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबची ‘वीज वाचवण्यासाठी बंद करा’ ही खूण काढा. कोडमध्ये ‘पॉवरमोडचेंज्ड’चा ‘रिझ्यूम’ आला की पोर्ट बंद करून २–३ सेकंदांनी पुन्हा उघडा. कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला की कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो, तो सेटिंगमध्ये ठेवा, कोडमध्ये नाही.

पायथन किंवा क्यूटी असेल तर

पायथनच्या टीकेइंटरचं (खिडक्या बनवायच्या लायब्ररीचं) ‘आफ्टर’ एकदाच वाजतं. पुढच्या वेळेसाठी हँडलरने स्वतःच पुन्हा बोलवावं लागतं. फंक्शनच्या नावापुढे कंस टाकलात तर ते तिथल्या तिथे चालतं आणि टायमर लागतच नाही. ‘स्लीप’ फॉर्मच्या थ्रेडवर कधीही नको. क्यूटीचा क्यूटायमर मुळात ‘कोर्स’, म्हणजे ढोबळ, प्रकारचा असतो, ५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे चालतो. नेमका हवा तर ‘प्रिसाइज’ निवडा. तो ज्या थ्रेडचा आहे तिथूनच सुरू आणि बंद करा. पायक्यूटीमध्ये तो सेल्फमध्ये ठेवा, नाहीतर मेथड संपताच नाहीसा होतो.

काट्यावर टाकण्याआधी

एक्झी डीबगरशिवाय चालवा. इंडिकेटर चालू असताना वायर उपसा: २ सेकंदांत रेघा दिसल्या पाहिजेत आणि खिडकी हलवता आली पाहिजे. वायर परत लावा, वजन आपोआप यायला हवं. काट्यावर माणूस उभा करा आणि उतरवा. स्क्रीनवरचा आकडा इंडिकेटरच्या आकड्यासोबत बदलतोय का ते प्रोग्रॅम सुरू करून पाच मिनिटं झाल्यावर बघा, कारण लगेच पाहिलंत तर बफर भरलेला नसतो आणि दोष दिसत नाही. संगणकाचं घड्याळ रात्री ११ वाजून ५८ मिनिटांवर नेऊन मध्यरात्र ओलांडू द्या. वजनाचा फॉर्म पन्नास वेळा उघडून बंद करा आणि लॉगमधलं टिकचं अंतर तेवढंच राहिलंय का पाहा. मशीन स्लीपमध्ये घालून उठवा. शेवटी पावती छापायला लावून छपाई चालू असतानाच कागद काढून घ्या: प्रिंटर अडला म्हणून वजन गोठत असेल, तर छपाई अजून फॉर्मच्या थ्रेडवरच आहे.